जुना कॅमेरा आणि लेन्स अनोळखी माणसाला ऑनलाइन विकायचेत, फसवणूक कशी टाळायची?

धूसरफ्रेम

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. माझा जुना डीएसएलआर आणि दोन लेन्स (एक ५० एमएम प्राइम, एक ७०-२०० झूम) विकायला काढलेत. मिररलेस (नव्या प्रकारचा कॅमेरा) घेतल्यापासून सगळं कपाटात पडून आहे आणि लेन्सला बुरशी लागायच्या आत ते कुणाच्या तरी हातात जावं, वापरलं जावं असं मनापासून वाटतंय. काल रात्री ॲड टाकली आणि तासाभरात एकाचा मेसेज आला. त्याने किंमत कमी करायला सांगितलं नाही, शटर काउंट (कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) विचारला नाही, लेन्सच्या काचेवर ओरखडे आहेत का तेही नाही, डायरेक्ट "मी घेतो, ॲड काढून टाका".

मग म्हणाला मी सध्या जहाजावर नोकरीला आहे, फोनला रेंज नसते, फक्त चॅटवर बोलू. पैसे पेपालने (ऑनलाइन पैसे पाठवायची सेवा) पाठवतो, वस्तू न्यायला माझा एजंट येईल, त्या एजंटचे पैसे पण मी तुम्हालाच जास्तीचे पाठवतो, ते तेवढे तुम्ही त्याला पुढे ट्रान्सफर करा. अर्ध्या तासात मला ईमेल आला, लोगो बिगो सगळं बरोबर, त्यात लिहिलंय की रक्कम जमा झालीये पण होल्डवर आहे आणि एजंटला पैसे पाठवल्याची पावती ईमेलवर पाठवली की मोकळी होईल. माझ्या अकाउंटमध्ये मात्र काहीच दिसत नाहीये. तो म्हणतो दिसायला २४ तास लागतात, आणि सकाळपासून दर दहा मिनिटांनी विचारतोय "पाठवले का, पाठवले का".

हा गडबड माणूस आहे असं वाटतंय पण शंभर टक्के खात्री नाही, उगाच चांगल्या गिऱ्हाइकाला हाकलून लावायचं नाहीये. आणि हा गेला तरी पुढचा येणारा खरा आहे हे ओळखायचं कसं? मी आयुष्यात पहिल्यांदा ऑनलाइन काही विकतोय आणि हा कॅमेरा मी दोन वर्षं पैसे साठवून घेतला होता.

---

खटपट्या

थांबा, एक पैसा पण पाठवू नका त्या एजंटला. हा फ्रॉडच आहे, यात शंका घ्यायला जागा नाही. तुम्ही लिहिलेली गोष्ट मी वेगवेगळ्या वेषात कितीदा तरी वाचलीये, कधी तो जहाजावर असतो, कधी तेलाच्या रिगवर, कधी सैन्यात, कधी भावाला गिफ्ट घ्यायचं असतं. जहाज आणि रिग का, तर तिथला माणूस भेटू शकत नाही आणि फोनवर बोलू शकत नाही हे आपल्याला आपोआप पटतं.

आता डाव कसा असतो बघा. त्याने तुम्हाला काहीही पाठवलेलं नाही, फक्त एक ईमेल पाठवलाय. तुम्ही "एजंट"ला जे पाठवाल ते तुमचे स्वतःचे खरे पैसे असणार, आणि ते पण अशा मार्गाने मागतील की जे परत फिरवता येत नाहीत, म्हणजे समोरच्याने काउंटरवरून रोख उचलायची मनी ट्रान्सफर, नाहीतर गिफ्ट कार्डाचे नंबर, नाहीतर क्रिप्टो. कॅमेरा पण त्यांना हवा असतोच असं नाही, मिळाला तर बोनस.

त्या ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचं नाव बघू नका, नाव कुणीही काहीही लिहू शकतं. नावावर क्लिक करून पूर्ण पत्ता उघडा आणि @ च्या पुढे काय आहे ते वाचा. बहुतेक कुठला तरी फुकटचा मेल असेल नाहीतर कंपनीच्या नावाला एखादं जास्तीचं अक्षर किंवा डॅश जोडलेला. आणि ईमेलमधल्या लिंकवरून लॉगिन अजिबात करू नका. ॲप उघडा नाहीतर ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा, तिथे पैसे दिसले तर आहेत, नाही दिसले तर नाहीत.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या कारण इथेच लोक गोंधळतात. नवीन विक्रेत्याचे पैसे पेपाल खरोखर होल्डवर ठेवतं, २१ दिवसांपर्यंत ठेवू शकतं, आणि ट्रॅकिंग नंबर टाकला की लवकर मोकळे पण करतं. म्हणून ती फसवी ईमेल खरी वाटते. पण खरा होल्ड तुमच्या अकाउंटमध्ये लॉगिन केल्यावर तुमच्या व्यवहारांच्या यादीत दिसतो. आणि "तिसऱ्याला पैसे पाठवा मग तुमचे सोडतो" असं कुठलीही पेमेंट कंपनी कधीच म्हणणार नाही.

---

धूसरफ्रेम

@खटपट्या खूप आभार, पत्ता उघडून बघितला तर फुकटच्या मेलचाच निघाला, फक्त नाव कंपनीचं लावलेलं. एजंटला काही पाठवलं नव्हतं.

पण एक सांगायचं राहिलं. काल रात्री तो म्हणाला होता की ऑनलाइन फार फ्रॉड चालतात, तुम्ही खरे आहात का ते बघायला तुमच्या फोनवर सहा आकडी कोड पाठवतो तो मला सांगा. मी तो सांगितला. त्याने काही होऊ शकतं का?

---

खटपट्या

हो, होऊ शकतं, हे आधी बघा बाकी सगळं नंतर. तो मेसेज परत उघडा आणि कोड कुणाकडून आलाय ते वाचा, त्यात नाव लिहिलेलं असतं. व्हॉट्सॲपचा असेल तर तो तुमच्या नंबरवरून स्वतःच्या फोनवर तुमचं खातं सुरू करतोय, लगेच ॲपमध्ये तुमचा नंबर परत रजिस्टर करा म्हणजे तो बाहेर पडेल आणि टू स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. गुगल व्हॉइसचा (गुगलची इंटरनेटवरून फोन नंबर देणारी सेवा) असेल तर तुमच्या नंबरच्या आधारावर तो एक नवीन नंबर काढतोय, ज्याने पुढे दुसऱ्यांना फसवणार. ईमेलचा असेल तर सगळ्यात वाईट, पासवर्ड लगेच बदला आणि सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, कारण ईमेल हातात आला की बाकीचे पासवर्ड रीसेट करता येतात.

---

रात्रपाळी

मी पेमेंटच्या तक्रारी हाताळणाऱ्या डेस्कवर काम करतो, अशा केसेस रोज समोर येतात म्हणून थोडं सविस्तर लिहितो, वाचायला वेळ लागला तरी वाचा.

विकणाऱ्या माणसाची सगळ्यात मोठी गैरसमजूत म्हणजे "पैसे दिसले म्हणजे पैसे आले". दिसणं वेगळं आणि पक्के होणं वेगळं. चेकचं उदाहरण घ्या, बऱ्याच देशांत चेक भरला की एक-दोन दिवसांत बॅलन्स वाढलेला दिसतो, काढता पण येतो, पण तो चेक खोटा आहे हे समोरच्या बँकेकडून कळायला कधीकधी कितीतरी आठवडे जातात, आणि कळल्यावर बँक ती रक्कम तुमच्याच खात्यातून परत घेते. मधल्या काळात तुम्ही "चुकून जास्त आलेले" पैसे त्याला परत केलेले असतात. म्हणून ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे पाठवणारा माणूस दिसला की तिथेच व्यवहार बंद. चुकून जास्त आले म्हणाला तर फरक पाठवत बसू नका, आलेलं अख्खं पेमेंट ज्या मार्गाने आलं त्याच मार्गाने रिफंडच्या बटणाने परत करा आणि बरोबर रकमेचं नवीन पाठवायला सांगा. खरा माणूस ऐकेल.

कार्डने आलेले पैसे पण परत जाऊ शकतात. कार्डधारकाला वाद उघडायला, म्हणजे पैसे परत मागायची तक्रार करायला, बऱ्याचशा कारणांसाठी १२० दिवस मिळतात, पेपालवर १८० दिवस. इतके दिवस तुमच्याकडे पुरावा असायला हवा, म्हणजे ट्रॅकिंग, पोचल्याची नोंद, चॅट, ॲडचा स्क्रीनशॉट सगळं सहा महिने तरी जपून ठेवा. पेपालचं विक्रेत्याला जे संरक्षण आहे ते व्यवहाराच्या पानावर जो पत्ता दिसतो त्याच पत्त्यावर पाठवलं तरच मिळतं. पैसे आल्यावर "अहो मी जरा गावाला आलोय, या दुसऱ्या पत्त्यावर पाठवा" असं आलं तर गोड बोलून नाही म्हणा, रिफंड करा आणि नवीन पत्त्यासकट परत पेमेंट करायला सांगा.

आता एक प्रकार जो लोकांना अजिबात माहीत नसतो आणि मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं. फसवणारा तुमची ॲड कॉपी करून दुसरीकडे स्वतःच्या नावाने टाकतो. तिथे कुणीतरी तिसरा माणूस घ्यायला तयार होतो, त्याला हा तुमचा खाते क्रमांक देतो. तो बिचारा तुमच्या खात्यात खरे पैसे भरतो, तुम्हाला वाटतं आपल्या गिऱ्हाइकाने भरले, तुम्ही कॅमेरा फसवणाऱ्याच्या हातात देता. चार दिवसांनी तो तिसरा माणूस तक्रार करतो की मला वस्तू मिळाली नाही, आणि तक्रारीत खातं कुणाचं, तर तुमचं. खातं गोठवलं जातं, आणि तुमची चूक काहीच नसताना उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात. म्हणून पैसे ज्याच्या नावाने आले तोच माणूस समोर आहे ना, एवढं एक बघत चला. नाव वेगळं असेल, "माझ्या मेहुण्याने भरलेत" वगैरे ऐकायला आलं, तर वस्तू देऊ नका.

आणि शेवटचं, पैसे घेण्यासाठी तुम्हाला पिन टाकावा लागत नाही, कार्डामागचे तीन आकडे द्यावे लागत नाहीत, कोड सांगावा लागत नाही, स्क्रीन शेअर करावी लागत नाही. हे सगळं पैसे जाताना लागतं. "तुमचे पैसे कुरियर कंपनीकडे जमा आहेत, स्वीकारण्यासाठी या लिंकवर कार्ड नंबर टाका" अशी लिंक येते, पान हुबेहूब असतं, तिथे कार्ड टाकलं की खातं रिकामं.

---

सरळमार्गी

एवढं सगळं करण्यापेक्षा समोरासमोर भेटा, रोख घ्या, मोकळे व्हा. मी आजपर्यंत लेन्स, फ्लॅश, दोन ट्रायपॉड, एक लॅपटॉप असंच विकलंय, कधी त्रास झाला नाही. भेटायला बँकेत बोलवा, तिथेच नोटा भरायच्या म्हणजे खोट्या असतील तर तिथेच कळतं. ऑनलाइन पेमेंट, कुरियर या भानगडीत पडूच नका.

---

मंद्रसप्तक

@सरळमार्गी दादा तुमचा सल्ला चांगलाच आहे पण प्रत्येकाला जमेल असा नाही. मी स्टुडिओतलं साउंडचं सामान विकते, मिक्सर, कंडेन्सर माइक, ऑडिओ इंटरफेस असं, आणि त्याला घेणारा माणूस जवळपास असेलच असं नसतं, कितीदा तरी तो शेकडो किलोमीटर लांब असतो. शिवाय अनोळखी माणसाला महाग वस्तू हातात घेऊन एकटीने भेटायला जाणं हे पण धोक्याचंच आहे, वस्तूही जाते आणि जीवावरही बेतू शकतं. भेटायचंच असेल तर दिवसा, गर्दीच्या ठिकाणी, कॅमेरे लावलेल्या जागी, सोबत कुणीतरी घेऊन, आणि कुठे जातोय ते घरी सांगून. काही देशांत पोलिस ठाण्याच्या आवारात अशा देवाणघेवाणीसाठी जागाच ठरवून दिलेली असते, तुमच्याकडे असेल तर तीच वापरा. घरी बोलावू नका, एक वस्तू विकताना घरात बाकी काय काय आहे ते दाखवायची गरज नाही.

मी फसले ती गोष्ट सांगते, कारण पैसे नीट आल्यावर पण फसवणूक होते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी एक माइक विकला, पेमेंट व्यवस्थित, पत्ता व्यवस्थित, माणूस बोलायला इतका सभ्य की मी त्याला केबल फुकट दिली. पाच दिवसांनी त्याने तक्रार टाकली की माइकमधून खरखर येतेय, परत पाठवतो. ठीक आहे म्हटलं. बॉक्स परत आला, आत तेच मॉडेल, पण माझा माइक नाही. माझ्या माइकच्या जाळीला खाली एक बारीक दबलेली जागा होती, ती नव्हती, आणि सिरियल नंबरचा स्टिकर घासून काढलेला. त्याने स्वतःचा बिघडलेला मला दिला आणि माझा चांगला ठेवून घेतला. माझ्याकडे सिरियल नंबरचा एकही फोटो नव्हता, पॅकिंग करताना काही शूट केलं नव्हतं, त्यामुळे प्लॅटफॉर्मवाल्यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला आणि पैसेही त्याच्याकडे गेले. कितीतरी दिवस मी त्या बॉक्सकडे बघून रडले आहे.

तेव्हापासून मी जे करते ते सांगते. पाठवायच्या आधी एकच व्हिडिओ काढते, मध्ये कुठेही न थांबवता. आधी सिरियल नंबर जवळून, मग वस्तू चालू करून चालतेय ते, मग खुणा, ओरखडे, स्क्रू, मग बबल रॅप, बॉक्स, टेप, वरचा पत्ता, आणि शेवटी वजनकाट्यावर बॉक्स. कुरियरच्या पावतीवर वजन लिहिलेलं असतंच, ते आणि माझ्या काट्यावरचं जुळलं की "रिकामा बॉक्स आला" किंवा "आत वीट होती" म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं. काही लोक बॅटरीच्या कप्प्यात वगैरे यूव्ही पेनने बारीकशी खूण करतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्या लाइटखाली दिसते. आणि परत आलेला बॉक्स पण व्हिडिओ चालू ठेवूनच उघडायचा, कुरियरवाला थांबला तर त्याच्यासमोर. विमा काढायचा, सही घेतल्याशिवाय देऊ नका असा पर्याय असेल तर तो घ्यायचा.

@धूसरफ्रेम तुमच्या कॅमेऱ्याच्या बाबतीत तर आणखी सोपं आहे, त्याच कॅमेऱ्याने शेवटचा एक फोटो काढून मूळ फाइल ठेवून द्या. बऱ्याच कॅमेऱ्यांत बॉडीचा सिरियल नंबर फोटोच्या मेटाडेटामध्ये (फाइलच्या आत आपोआप नोंदलेली माहिती) असतो, काही कंपन्यांच्या तर शटर काउंट पण असतो.

---

सरळमार्गी

ताई हे वाचून वाईट वाटलं. तुमचं बरोबर आहे, मी फक्त माझ्यापुरतं बोललो होतो. बॉक्स वजनकाट्यावर ठेवायची कल्पना मला कधी सुचली नसती.

---

खटपट्या

मेटाडेटाचा विषय निघालाच आहे तर उलटी बाजू पण सांगतो. ॲडसाठी मोबाइलने फोटो काढता तेव्हा लोकेशन चालू असेल तर घराचा ठावठिकाणा फोटोच्या आत जातो. बऱ्याचशा साइट तो काढून टाकतात पण चॅटवर मूळ फाइल पाठवली तर तसाच जातो. लोकेशन बंद करून फोटो काढा नाहीतर फोटोचा स्क्रीनशॉट पाठवा.

फोटो स्वतःचेच टाका, नेटवरून उचललेले नकोत, आणि एका फोटोत वस्तूशेजारी कागदावर तुमचं युजरनेम आणि तारीख लिहून ठेवा. खरं गिऱ्हाईक पण फसायला घाबरतच असतं, त्याला धीर येतो, आणि तुमचे फोटो उचलून खोटी ॲड टाकणाऱ्याला ते जड जातात. रात्रपाळीने सांगितलेला तो तिसऱ्या माणसाचा प्रकार इथेच अडतो. सिरियल नंबर ॲडमध्ये पूर्ण दाखवू नका, शेवटचे आकडे झाका.

एस्क्रोबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मधल्या कंपनीकडे पैसे ठेवायचे, वस्तू पोचून तपासली की ते विक्रेत्याला मिळतात, अशी सोय असते आणि मोठ्या रकमेला ती खरंच चांगली. पण एस्क्रो कुठली वापरायची ते गिऱ्हाइकाने सुचवलं आणि लिंकही त्यानेच दिली तर सावध व्हा. खोट्या एस्क्रो साइट अगदी तयार मिळतात. डोमेन (साइटचा पत्ता) कधी रजिस्टर झालंय ते हूइज लुकअप नावाच्या शोध सेवेवर फुकट बघता येतं, "कितीतरी वर्षांची विश्वासू सेवा" लिहिणारी साइट मागच्याच महिन्यात जन्मलेली निघते.

बाकी मेमरी कार्ड काढा, कॅमेरा रीसेट करा, कॅमेऱ्यात तुमचं नाव किंवा वायफायचा पासवर्ड सेव्ह असेल तर पुसा. फोन लॅपटॉप विकणाऱ्यांनी खात्यातून साइन आउट करूनच द्या, नाहीतर लॉक लागलेली वस्तू दिली म्हणून तुम्हीच चोर ठराल.

---

धूसरफ्रेम

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो.

कोड गुगल व्हॉइसचा निघाला. माझा नंबर तिथे माझ्या स्वतःच्या खात्याला जोडून त्याच्याकडून काढून घेतला, तरी ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलले. त्याला "पैसे अकाउंटमध्ये दिसल्याशिवाय काही होणार नाही" एवढंच लिहिलं तर आधी विनवण्या, मग "मी पोलिसात जाईन, पैसे घेऊन वस्तू देत नाही म्हणून". खरं सांगतो, ते वाचून हात थरथरले, चूक नसताना पण भीती वाटते. चॅटचे सगळे स्क्रीनशॉट काढले, प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट केलं आणि मग ब्लॉक केलं.

ॲड परत टाकली, या वेळी कागदावर युजरनेम आणि तारीख लिहून. एका मुलीचा मेसेज आलाय, तिने शटर काउंट विचारला, झूमचा ऑटोफोकस आवाज करतो का विचारलं, मोबाइलचा टॉर्च मागून मारून लेन्सचा व्हिडिओ मागितला, म्हणजे आत बुरशी किंवा धूळ असेल तर दिसेल. व्हिडिओ कॉलवर पण बोलली. उद्या भेटतोय, दुपारी, तिच्यासोबत तिचा भाऊ आणि माझ्यासोबत मित्र. ती बँक ट्रान्सफर म्हणतेय, स्वतःच्या खात्यातून.

@रात्रपाळी एकच प्रश्न, तिने माझ्यासमोर ट्रान्सफर केलं आणि तिच्या फोनवर "सक्सेसफुल" दिसलं तर पुरेसं आहे का?

---

रात्रपाळी

नाही, तिचा फोन बघू नका. ती मुलगी खरीच वाटतेय, प्रश्न तिच्यावर संशय घ्यायचा नाही, पण असे "सक्सेसफुल"वाले स्क्रीन दाखवणारे खोटे ॲप मिळतात म्हणून सवयच अशी लावा. तुमच्या फोनवर तुमचं बँकेचं ॲप उघडा, नुसत्या एसएमएसवर पण जाऊ नका, तो बनवून पाठवता येतो. तिचं नाव आणि पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात दिसेपर्यंत दोघं बसून गप्पा मारा, तोवर तिला कॅमेऱ्यावर चार फोटो काढून बघू द्या. पैसे आले नाहीत आणि उशीर व्हायला लागला तर कॅमेरा घेऊन घरी या, पैसे जमा झाले की परत भेटा. एका कागदावर वस्तू, सिरियल नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या घ्या, दोन प्रती करा, एक तिला द्या.

---

धूसरफ्रेम

झालं. रक्कम माझ्या ॲपमध्ये यायला सात-आठ मिनिटं लागली, तेवढ्यात तिने भावाचे पन्नास एक फोटो काढले त्या ५० एमएमने. कागदावर सह्या केल्या. जाताना बॅटरी चार्जर द्यायचा विसरलो होतो, तिचा मेसेज आला, उद्या तिथेच भेटून देतोय.